सत्कार आणि सही

फ्लेक्सवर माझ्या बहिणीच्या फोटोशेजारी बॅडमिंटनचं फूल छापलं होतं. माझी बहीण टेनिस खेळते. तळेगाव ढमढेऱ्याच्या चौकात, बाजाराकडं तोंड करून तो फ्लेक्स उभा होता. सगळ्यात मोठा फोटो साहेबांचा, म्हणजे आमच्या भागातल्या पुढाऱ्यांचा. त्याखाली त्यांच्या चिरंजीवांचा. मग शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग, त्यात गॉगल लावलेले माझे मामा. आणि उरलेल्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी, जिच्या नावानं हे सगळं चाललं होतं ती.

मी मामांना फूल दाखवलं. ते म्हणाले, "आगं, रॅकेट ती रॅकेटच. लोकान्ला कळल्याशी मतलब."

लोकांना काय कळलं होतं? अठरा वर्षांखालच्या मुलींची राष्ट्रीय स्पर्धा तिनं जिंकली, एवढं. कप मिळाला, पेपरात फोटो आला. ती खेळायला कुठं शिकली, हे कुणी विचारलं नव्हतं. दौंडला आमच्या घराजवळच्या वसाहतीत एक जुनं मुरमाचं कोर्ट आहे. एका बाजूला उतार आहे, त्यामुळं उताराकडच्या खेळाडूला चेंडू नेहमी थोडा खाली येतो. वडील कुरकुंभला एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काम करतात. पहिली पाळी करून आले की चहा पिऊन ते कोर्टावर जायचे. रसायनाच्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रमाचा अर्धा कापलेला तुकडा, त्यात केस गेलेले जुने चेंडू, आणि वडील एकेक उचलून तिच्याकडं फेकणार. त्यांना टेनिस येत नाही. चेंडू कुठं फेकायचा ते तिनंच त्यांना शिकवलं. लग्नसराईत कुणी ना कुणी त्याच कोर्टावर मांडव घालायचं. मांडव उठला की बांबूंचे खड्डे बुजवायचं काम आम्हा दोघी बहिणींकडं. आमच्या भागात मोकळी जागा दिसली की लोकांना पहिल्यांदा मांडवच सुचतो.

घरात गोष्टींची पुस्तकं उशिरा आली. पत्रकं आधी आली. वडील युनियनचं काम करायचे, आणि पत्रकं तेच लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्या कच्च्या प्रतींवर. "कामगार बंधू-भगिनींनो" हे मी सलग वाचलेले पहिले शब्द. आता मीही पत्रकं लिहिते, ठेक्यावरच्या बायांसाठी, बंद पडलेल्या एसटीच्या फेऱ्यांसाठी. वडिलांनी मला त्याबाबत एकच गोष्ट बजावली होती. खाली स्वतःचं नाव घालायची तयारी असेल तरच लिही. नाव नसेल तर ते पत्रक नाही, ती कुजबुज.

राष्ट्रीय कप घेऊन ती घरी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, पोहोचली. खरं म्हणजे ती परत पहिल्या पायरीवर उभी होती. ज्युनिअरमध्ये तिला सगळे ओळखायचे, ड्रॉमध्ये तिचं नाव वरच्या ओळीत असायचं. व्यावसायिक स्पर्धेत तो कप कुणी विचारत नाही. तिथं तिशीतल्या बायका असतात, परदेशातून एकट्या आलेल्या मुली असतात, हॉटेलच्या बाथरूममध्ये स्वतःचे कपडे धुऊन सकाळी खेळणाऱ्या. त्यांच्यात माझी बहीण म्हणजे शून्य गुणांची एक पोरगी. पुण्यातल्या तिच्या पहिल्या स्पर्धेत मुख्य फेरी सोडाच, पात्रता फेरीतसुद्धा तिला थेट जागा नव्हती. अशा खेळाडूंसाठी नियम होता. पात्रता फेरीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या आत, स्वतः जाऊन निरीक्षकांसमोर सही करायची. जागा उरल्या तर सही केलेल्यांतून त्या भरायच्या. बापाची, कोचची, कुणाचीही सही चालत नाही. जो हजर, तो उमेदवार.

मला तो नियम फार आवडला होता. आमच्याकडं असा नियम मी कधी पाहिला नव्हता.

आणि नेमक्या त्याच दुपारी मामांनी सत्कार ठेवला. तळेगाव ढमढेरे आमचं आजोळ. मामा तिथं सोसायटीत आहेत, साहेबांच्या गटातले आहेत, आणि निवडणूक जवळ आली होती. पण एवढंच म्हटलं तर मामांवर अन्याय होईल. मामांचा तिच्यावर जीव आहे. ती लहान असताना तिची पहिली रॅकेट त्यांनीच आणली होती, आणि तीही चुकून मोठ्या माणसाची.

आईनं फोनवर त्यांना सांगितलं, "दादा, त्याच दिवशी तिला पुण्याला पोचायचंय. सही करायची असती."

"मंग वाटंतच हाय की. दोनला सत्कार, तीनला निघा. जीप माझी, डायव्हर माझा. शिक्रापूर, वाघोली, की आलं पुणं."

वाटेत नव्हतं. दौंडहून पुण्याला जायचं तर सोलापूर रस्ता सरळ आहे. तळेगाव म्हणजे वाकडी वाट. मी तसं म्हटलं. वडीलही म्हणाले, सत्कार नंतर करा. पण आईनं भावाचा शब्द मोडला नाही, आणि बहीण म्हणाली, "जाऊ दे ताई. मामा एवढं करतायत. तासाभराचं काम आहे."

मामांनी धाडलेल्या जीपनं आम्ही तिघी दुपारी पोहोचलो, सामान जीपमध्येच ठेवलं. वडिलांना रजा मिळाली नव्हती. शाळेच्या मैदानावर मांडव होता, स्पीकरवर गाणी, मामींच्या हातात औक्षणाचं ताट. तिच्या ट्रॅकसूटवर गुलाल उडाला. एकानं तिच्या डोक्याला फेटा बांधायला घेतला आणि इतका आवळला की तिच्या भुवया वर गेल्या. गावातल्या एक आजी तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "लई काळी पडलीस गं. आता जरा सावलीत बस. कप मिळाला न्हवं?"

"आता तर सुरुवात आहे, आजी," बहीण म्हणाली.

"आत्ता गं बया. आन् संपायचं कवा?"

सगळे हसले. तीही हसली. मग तिला स्टेजवर मधल्या खुर्चीच्या शेजारी बसवलं. मधली खुर्ची मोठी, तिच्यावर पांढरा टॉवेल टाकलेला. ती रिकामी होती.

दोन वाजून गेले, अडीच झाले. माईकवरचा माणूस थकत नव्हता. "साहेब शिरूरहून निघालेले आहेत, कुणीही जागा सोडू नये." मग थोड्या वेळानं, "साहेब निघण्याच्या तयारीत आहेत." म्हणजे आधी निघाले होते ते कोण, हे त्याला कुणी विचारलं नाही. मधल्या वेळात भाषणं झाली. एक सर म्हणाले, आपल्या लेकीनं देशासाठी सुवर्ण आणलं. दुसरे म्हणाले, आता ऑलिंपिक फार लांब नाही. तिसऱ्यांनी साहेबांनी केलेल्या रस्त्यांची माहिती दिली. बहिणीनं खिशातून एक चेंडू काढला होता आणि मांडीवर धरून ती तो दाबत होती. तिनं माझ्याकडं बघून मनगटावर बोट ठेवलं.

मी स्टेजच्या मागं गेले. "मामा, आता निघायला हवं. हार तुम्हीच घाला, नाहीतर आजींच्या हातून घालू द्या."

मामांच्या चेहऱ्यावर घाम होता. "आगं, सत्कारमूर्तीच उठून गेली तर सायेब खुर्चीकडं बघून भाषण करत्याल का? माझी मान जाईल."

"तिचा नंबर जाईल, मामा."

"न्हाई जात. आन् तसं बी जीप हितं न्हाई."

"कुठं आहे?"

"हायवेला गेली. सायबान्ला आणाया. फुडं दहा गाड्या नगं का?"

तिला पुण्याला नेणारी जीप, जिच्यात तिच्या रॅकेटा होत्या, बूट होते, पासपोर्ट होता, ती जीप शिक्रापूरच्या चौकात साहेबांच्या स्वागताला भोंगे वाजवत उभी होती. आम्हाला रिक्षा करून निघता आलं असतं, पण रॅकेटांशिवाय आणि ओळखपत्राशिवाय निघून काय करणार? एका माणसाची मिरवणूक मोठी दिसावी म्हणून एका मुलीचं सामान रस्त्यावर उभं केलं होतं, आणि तिच्याच कौतुकाचा मांडव तिच्या डोक्यावर होता.

वडिलांचा फोन आला. "निघालात ना?" मी नाही म्हटलं. मागं कंपनीचा भोंगा वाजला, फोन ठेवला गेला.

साहेब आले तेव्हा चार वाजून गेले होते. हलगी वाजली. त्यांनी तिच्या खांद्यावर शाल टाकली, फोटोसाठी ती परत काढून परत टाकली. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगायला आवडत नाही, पण नव्हता. मामांनी त्यांच्या कानात काही सांगितलं. त्यांनी बहिणीला विचारलं, "कुठं सही करायचीय, बाळ?"

तिनं सांगितलं.

"कोण बघतं तिथलं?" त्यांनी हात मागं केला आणि त्यांच्या सहायकानं त्या हातात फोन ठेवला. पुण्यातल्या कुणाशी तरी ते एवढंच बोलले की आपली मुलगी आहे, येतेय, नाव घेऊन टाका. मग फोन परत दिला. "झालं तुझं काम. आता निवांत जेवून जा."

मामांचा चेहरा फुलला. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "बघ. उगं तोंड सुकवून बसली व्हतीस."

मला इथं त्यांचा राग यायला हवा, आणि येतो. पण त्यांना असं का वाटलं तेही मला माहीत आहे. तीन-चार वर्षांपूर्वी शाळेनं तिचं नाव जिल्हा स्पर्धेला मुदतीत पाठवलं नव्हतं. तेव्हा मामा साहेबांकडं गेले, साहेबांनी फोन लावला, आणि सकाळी नाव यादीत होतं. आमच्या भागात हेच चालतं. दवाखान्यात खाट फोनवर मिळते, उसाची तोड फोनवर येते, पोराचा दाखला फोनवर निघतो. ज्याच्यासाठी फोन लावणारं कुणी नाही तो रांगेत उभा राहतो, आणि रांगेत उभं राहणं म्हणजे आपलं कुणी नाही हे चारचौघांत कबूल करणं. अशा माणसाला तुम्ही सांगितलंत की एक दार असं आहे जे फोननं उघडत नाही, तर तो म्हणणार, बरोबर माणसाला लावला नसेल.

आम्ही जेवलो नाही. जीपमध्ये बहिणीनं फेटा सोडवला. कपाळावर त्याचा लाल वळ उमटला होता. वाघोलीच्या अलीकडं गाड्या थांबल्या. डायव्हर म्हणाला, "ताई, हितं कुनाचंच चालत न्हाई." पुढच्या ट्रकच्या मागं लिहिलेलं सगळं आम्ही पाठ होईपर्यंत वाचलं. आई पदरात तोंड घालून बसली होती. भावाच्या घरून निघताना मिळालेली खणा-नारळाची ओटी तिच्या मांडीवर तशीच होती.

स्टेडियमच्या फाटकाशी बहीण गाडी थांबायच्या आत उतरली. मी तिच्या मागं धावले. ऑफिसात निरीक्षक बाई टेबल आवरत होत्या. बाहेरच्या राज्यातल्या असाव्यात, इंग्रजीत बोलत होत्या. भिंतीवर घड्याळ होतं. मी त्याच्याकडं बघितलं नाही, कारण बघायची गरज नव्हती.

बहिणीनं नाव सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी फोन आला होता. मी सांगितलं की फोनवर सही होत नाही. मग आणखी एक आला. पुन्हा कुणी करू नये असं तुमच्या लोकांना सांगा. तुम्ही सहाच्या आत इथं उभ्या असतात तर तुम्हाला कुणाचीच गरज नव्हती. जागा होत्या. जेवढ्या मुली आल्या तेवढ्या सगळ्या आत गेल्या."

मी भांडायला सुरुवात केली. वाहतुकीचं सांगितलं, खेड्यातून यायला काय लागतं ते सांगितलं. माझ्याकडं शब्दांची कमतरता नसते. बहिणीनं माझा दंड धरला. चेहऱ्यावर गुलाल तसाच होता. ती त्या बाईंना म्हणाली, "सॉरी. पुढच्या आठवड्यात सोलापूरच्या स्पर्धेला येते." आणि मला ओढत बाहेर घेऊन आली.

बाहेर कोर्टांवर दिवे लागले होते. एक मुलगी एकटीच सर्व्हिस मारत होती. प्रत्येक सहा-सात चेंडूंनंतर ती जाळीपलीकडं जाऊन स्वतःच ते गोळा करायची आणि परत यायची.

"तू त्यांच्याशी भांडत होतीस," बहीण म्हणाली. "त्यांनी काय केलं?"

"मग कुणाशी भांडू?"

"मला माहीत नाही. पण त्यांच्याशी नाही."

मी मामांना फोन लावला आणि जे तोंडात आलं ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फोन करून बी घेतलं न्हाई? लई माजुरडी मानसं." त्यांना एवढंच ऐकू आलं होतं. सकाळी गावाच्या ग्रुपवर साहेबांच्या हातून शाल घेतानाचा फोटो फिरत होता. खाली लिहिलं होतं, आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी रवाना.

तिसऱ्या दिवशी मामा दौंडला घरी आले. त्यांच्याबरोबर गावातले दोघं होते. चहा झाल्यावर मामांनी विषय काढला. "सायेब लई नाराज हायेत. म्हनले, खेड्यातल्या पोरीवर अन्याव झालाय, गप बसायचं न्हाई. सोमवारी स्टेडियमवर मोर्चा न्यायचा. गाड्या सायेब देनार." मग माझ्याकडं वळले. "तू लिव्हतीस ना. एक झनझनीत पत्रक लिहून दे. ग्रामीण खेळाडूवर पुन्याच्या लोकांचा अन्याव. तुझ्यासारखं कुनाला जमायचं न्हाई."

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मामांनी माझ्या लिहिण्याला चांगलं म्हटलं होतं.

"लिहिते," मी म्हटलं. "अन्याय झालाच आहे. पण तो पुण्यात नाही झाला, मामा. तळेगावात झाला. मांडवात झाला. तसं लिहू?"

गावातला एक जण हसला, मग मामांकडं बघून थांबला. दुसरा म्हणाला, "शिकल्याली पोरगी हाय, आपल्यावरच उलटनार."

वडील रात्रपाळी करून आले होते, भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "खाली नाव कुणाचं घालणार?"

"गावकरी," मामा म्हणाले. "समस्त गावकरी."

"समस्त गावकरी सही करायला येत नाहीत. एका माणसाचं नाव सांगा. साहेब घालतील स्वतःचं?"

मामांनी कपातला उरलेला चहा बशीत ओतला आणि प्यायला नाही.

ते गेल्यावर मी खरंच लिहायला बसले. मला सगळं लिहायचं होतं. रिकामी खुर्ची, टॉवेल, हायवेवरची जीप, बॅडमिंटनचं फूल. कप जिंकलेल्या मुलीला डोक्यावर घेणारे आणि कप जिंकायला निघालेल्या मुलीची वाट अडवणारे हात एकच कसे असतात, ते. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं. बहीण मागं येऊन वाचत उभी राहिली.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "छापू नकोस."

"का? खाली माझं नाव घालणार आहे."

"वर माझं आहे ना. मोर्चा निघाला काय आणि तुझं पत्रक निघालं काय, मी तिथं जाणार ती भांडणवाली पोरगी म्हणून. मला नुसतं खेळायला जायचंय, ताई. कुणीच ओळखत नाही अशी."

मी ते छापलं नाही. मोर्चाही निघाला नाही, कारण सोमवारी साहेबांचा दुसरा कार्यक्रम लागला. माझा राग कागदावरून उठला आणि घरभर फिरत राहिला. जेवताना, भांडी घासताना, कोर्टावर चेंडू उचलताना. अजून पुरता गेलेला नाही. म्हणून आज एवढ्या उशिरा हे लिहितेय, तिला विचारून, तिचं नाव न घालता.

सोलापूरला आम्ही एक दिवस आधीच निघालो. कुणाला सांगितलं नव्हतं, पण आईनं भावाला सांगितल्याशिवाय कधी काही केलेलं नाही. दौंडच्या फलाटावर मामा उभे. हातात झेंडूचा हार, बरोबर मोबाइल धरलेला डायव्हर.

"एकच फोटो," मामा म्हणाले. "गाडी याया टाइम हाय."

बहिणीनं बॅग खाली ठेवली. "मामा, हा हार ठेवून द्या. मी हरून आले की घाला."

"आसं अभद्र बोलू नये, पोरी."

"हरणारच आहे मी. बरेच दिवस हरणार आहे. तेव्हा याल का स्टेशनावर?"

मामांनी डायव्हरकडं बघितलं. डायव्हर इंजिनाकडं बघत होता. गाडी आली, आम्ही चढलो. हार मामांच्या हातातच राहिला.

सोलापूरला निरीक्षकांचं ऑफिस उघडायच्या आधी ती पायरीवर बसली होती. आत गेली, पेन घेतलं, वाकून स्वतःचं नाव लिहिलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टेबलामागच्या माणसानं वर न बघता पुढच्या मुलीला बोलावलं. तिला जागा मिळाली. दुसऱ्या सकाळी पहिल्याच सामन्यात ती हरली, आठ-नऊ वर्षांनी मोठ्या असलेल्या एका बाईकडून, जिचं नाव मी आधी कधी ऐकलं नव्हतं. ती बाई प्रत्येक चेंडू परत पाठवत होती, एवढंच. दुसऱ्या सेटमध्ये बहिणीनं तिला थोडं पळवलं. हात मिळवताना त्या बाईनं तिला काहीतरी सांगितलं. काय म्हणाली विचारल्यावर बहीण म्हणाली, "म्हणाली, पुढच्या आठवड्यात भेटू."

परतीची गाडी दौंडला थांबली तेव्हा फलाटावर मामा होते. एकटे. हार नव्हता, डायव्हर नव्हता. त्यांनी तिच्या हातातली रॅकेटची बॅग घेतली आणि जिन्याकडं चालू लागले. जरा पुढं गेल्यावर म्हणाले, "हारलीस व्हय?"

"व्हय."

"मंग आता?"

"उद्या सकाळी कोर्टावर. पुढच्या आठवड्यात परत सही करायला जायचंय."

मामा पाच-सहा पायऱ्या चढले. मग म्हणाले, "तितं कुनी वळखीचं..."

"मामा."

"न्हाई, न्हाई. न्हाई लावत फोन."

ती हसली. मला हसू आलं नाही. तळेगावच्या चौकातला तो फ्लेक्स अजून उतरवलेला नाही.